स्वतःच्या पुस्तकाला स्वतःच पाच स्टार: एका जुन्या सवयीचा इतिहास

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि लोकलमध्ये हेडफोन घरी विसरल्यामुळे ज्यांना हा भाग वाचावा लागतोय त्यांचं जरा जास्तच स्वागत. नेहमीप्रमाणे बोललेलंच इथे थोडं नीटनेटकं करून टाकलंय.

कथा-कवितांच्या कुठल्याही अॅपवर किंवा लेखनाच्या ग्रुपमध्ये आठवडाभर वावरलात की तीन माणसं हमखास भेटतात. पहिला, जो दुसऱ्याच्या कथेखाली 'छान' असं एका शब्दात लिहितो आणि लगेच खाली स्वतःच्या कथेची लिंक चिकटवतो. दुसरा, जो इनबॉक्समध्ये येऊन व्यवहार ठरवतो: तू मला पाच स्टार दे, मी तुला देतो. आणि तिसरा, ज्याच्या प्रोफाइलला फोटो नाही, ज्याने आजच खातं उघडलंय, आणि ज्याला आयुष्यात फक्त एकच लेखक आवडलाय. मराठी संकेतस्थळांवर जुनी मंडळी या तिसऱ्याला 'डुआयडी' म्हणतात. माणूस एक, आयडी दोन.

आपण पटकन म्हणून मोकळे होतो की हे सगळं मोबाइलमुळे झालं, लाइकच्या भुकेमुळे झालं, पूर्वीचे लेखक कसे शांतपणे लिहायचे. आजचा भाग याच समजुतीवर आहे. कारण या तिन्ही गोष्टी मोबाइलच काय, विजेचा दिवा घरोघरी येण्याच्याही आधी झालेल्या आहेत. आणि त्या करणाऱ्यांमध्ये अमेरिकेतला सगळ्यात मोठा मानला जाणारा कवी आहे.

ब्रुकलिनमधलं एक पातळसं पुस्तक

जुलै १८५५. न्यूयॉर्कशेजारचं ब्रुकलिन. एका छोट्या छापखान्यातून 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' नावाचं पुस्तक बाहेर पडतं. आत १२ कविता. छापलेल्या प्रती ७९५. मुखपृष्ठावर कवीचं नाव नाही, शीर्षकपानावरही नाही. फक्त एक चित्र: कोट न घातलेला, शर्टाचं वरचं बटण उघडं, डोक्यावर हॅट, एक हात कमरेवर आणि एक खिशात असा एक दाढीवाला माणूस. त्या काळच्या कवींची चित्रं कशी असायची, तर छान कपडे घालून गंभीर बसलेली. हा मात्र कामावरून घरी निघालेला सुतार वाटतो.

हा माणूस म्हणजे वॉल्ट व्हिटमन. वय ३६. शाळा अकराव्या वर्षी सुटलेली, मग छापखान्यात उमेदवारी, पुढे शिक्षक, पत्रकार, संपादक. या पुस्तकाचा खर्च त्याने स्वतः केला आणि काही पानांचे खिळेही स्वतःच जुळवले. आजच्या भाषेत अस्सल सेल्फ-पब्लिश्ड लेखक. कविताही विचित्र होत्या. यमक नाही, ठरलेलं वृत्त नाही, लांबच लांब ओळी, आणि विषय म्हणजे शरीर, रस्ता, मजूर, फेरीबोट, सगळंच.

आता प्रश्न असा, की अशा पुस्तकाची दखल कोण घेणार?

व्हिटमनने त्यावर जे उत्तर शोधलं ते आपल्या ओळखीचं आहे. १८५५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन नियतकालिकांत या पुस्तकाची भरभरून कौतुक करणारी परीक्षणं आली. तिन्ही निनावी. आणि तिन्ही व्हिटमनने स्वतः लिहिलेली. एकात त्याने जाहीर केलं की अमेरिकेला अखेर आपला कवी सापडला. दुसऱ्यात कवितेपेक्षा कवीचंच वर्णन जास्त: त्याची तब्येत, त्याचा बांधा, त्याचं चालणं-वागणं. तिसऱ्यात त्याची तुलना थेट इंग्लंडचा राजकवी टेनिसन याच्याशी, आणि पारडं कुणाकडे झुकलं हे सांगायला नको. हे तिसरं परीक्षण ज्या मासिकात आलं, त्या मासिकाचे मालक फाउलर आणि वेल्स हेच या पुस्तकाचे विक्रेतेही होते. म्हणजे परीक्षण लेखकाचं, मासिक दुकानदाराचं, आणि वाचणारा बिचारा समजतोय की कुणीतरी तिऱ्हाईत बोलतोय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. तुम्ही लिहिलेला कोड मुख्य प्रोजेक्टमध्ये जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो वाचून मंजूर करायचा. गिटहबवर तर स्वतःचा पुल रिक्वेस्ट स्वतःला अप्रूव्ह करताच येत नाही. तुम्ही वाईट इंजिनियर आहात असा संशय त्यामागे नसतो. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. व्हिटमनने तीन वेगवेगळ्या खात्यांतून स्वतःचा रिक्वेस्ट अप्रूव्ह केला.

एमर्सनचं पत्र

पण थांबा, गोष्ट अजून रंगते. व्हिटमनने पुस्तकाची एक प्रत राल्फ वाल्डो एमर्सनला पाठवली होती. एमर्सन म्हणजे तेव्हाचा अमेरिकेतला सगळ्यात आदरणीय विचारवंत. २१ जुलै १८५५ ला एमर्सनने उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर कुठल्याही नवख्या लेखकाने फ्रेम करून भिंतीवर लावावं असं होतं. मनापासून, उदार, भारावलेलं. कुणी मागितलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. शंभर टक्के खरं कौतुक.

हे खाजगी पत्र होतं. ऑक्टोबरमध्ये ते 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या मोठ्या वर्तमानपत्रात छापून आलं. व्हिटमनने परवानगी दिली होती. एमर्सनला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी, १८५६ मध्ये, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. आता कविता ३२. आणि पुस्तकाच्या कण्यावर, सोनेरी अक्षरांत, एमर्सनच्या पत्रातलं एक वाक्य आणि खाली त्याचं नाव. एका मोठ्या कारकिर्दीच्या सुरुवातीला मी तुझं स्वागत करतो, अशा अर्थाचं. आज प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर जे मोठ्या लोकांचे अभिप्राय असतात ना, त्यांचा हा पणजोबा. आत, पुस्तकाच्या शेवटी, एमर्सनचं अख्खं पत्र आणि त्याला व्हिटमनचं लांबलचक जाहीर उत्तर. त्या उत्तरात व्हिटमन म्हणतो की पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती मी छापल्या आणि त्या सहज खपल्या. छापल्या होत्या ७९५. आणि खपल्या होत्या त्यातल्या थोड्याच.

एमर्सनला हे आवडलं नाही. त्याने व्हिटमनशी संबंध तोडले नाहीत, १८६० मध्ये बॉस्टनमध्ये दोघं भेटले, लांबवर फिरले, कवितेवर वादही घातला. पण १८७४ मध्ये एमर्सनने स्वतःच्या आवडीच्या कवितांचा जो संग्रह काढला, 'पार्नासस' नावाचा, त्यात व्हिटमनची एकही कविता नाही. यामागे तो जुना राग होता की आणखी काही, यावर मी पैज लावणार नाही. पण जाहीर कौतुकाची तेवढी उंच पायरी एमर्सनने पुन्हा कधी चढली नाही, हे खरं.

पकडला गेला का? हो, आणि लवकरच. १८५६ च्या नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क डेली टाइम्स'च्या परीक्षकाने लिहून टाकलं की ही निनावी परीक्षणं कवीच्याच हातची दिसतात. आयपी अॅड्रेस वगैरे काही लागलं नाही. शैली वाचूनच कळलं. इतकं ठळक लिहिणारा माणूस दुसरं नाव घेऊनही लपत नाही.

मग व्हिटमन सुधारला का? अजिबात नाही. १८७६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, न्यू जर्सीच्या एका वर्तमानपत्रात निनावी लेख आला की अमेरिका आपल्या या थोर कवीची कशी हेळसांड करते आहे. लेखक तोच. इंग्लंडमध्ये त्यावरून चर्चा पेटली आणि तिथल्या चाहत्यांनी त्याची पुस्तकं मागवून मदतही केली.

स्कॉटसाहेबांचा पुरावा

आता कुणी म्हणेल, व्हिटमन अमेरिकन, म्हणून जाहिरातबाज. तर चला, अजून चाळीस वर्षं मागे, स्कॉटलंडला.

सर वॉल्टर स्कॉट हा त्या काळचा अफाट लोकप्रिय कादंबरीकार. पण त्याच्या कादंबऱ्या निनावी यायच्या. १८१४ ची 'वेव्हर्ली' निनावी, पुढच्याही तशाच. लेखक कोण, यावर लोक पैजा लावायचे. १८१६ च्या शेवटी 'टेल्स ऑफ माय लँडलॉर्ड' आलं, तेही वेगळ्याच टोपणनावाने. लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांना दाट संशय होता की हे स्कॉटचंच काम. त्यांनी स्कॉटला तसं पत्र लिहिलं. स्कॉटने नाकारलं आणि वर म्हटलं, मी लेखक नाही हे सिद्ध करायला मी या पुस्तकाचं परीक्षणच लिहून देतो!

आणि खरंच लिहिलं. मरे यांच्याच 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'च्या जानेवारी १८१७ च्या अंकात ते परीक्षण आहे. त्यातला काही भाग त्याचा मित्र विल्यम अर्स्किनचा मानतात, पण मोठा वाटा स्कॉटचा. गंमत म्हणजे स्कॉटने स्वतःच्या नायकांना चक्क नावं ठेवली, कथानकाच्या ढिसाळपणावर बोट ठेवलं. पण त्या कादंबरीतल्या इतिहासावर एका धर्मोपदेशकाने जोरदार टीका सुरू केली होती, आणि परीक्षणात त्या टीकेला उत्तर देऊन घेतलं. म्हणजे थोडी स्वतःची टर, आणि मुद्द्याच्या जागी स्वतःचाच वकील. त्याने आपलं लेखकपण जाहीरपणे मान्य केलं ते १८२७ मध्ये, एडिनबरामधल्या एका मेजवानीत.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्या काळात परीक्षणं निनावीच असायची. सगळ्यांचीच. वाचक लेखकाच्या नावावर विश्वास ठेवत नव्हता, तो संपादकावर विश्वास ठेवायचा. लिहिणारा कोण आहे हे संपादकाला माहीत असेल आणि त्याने काही चुकीचं छापलं नसेल, एवढा तो करार. स्कॉट-व्हिटमनच्या बाबतीत तो करार मोडला, कारण संपादक फसला तरी होता किंवा सामील तरी होता.

आता आजच्या अॅपकडे बघा. तिथे संपादक नावाचा माणूसच नाही. निनावीपणा राहिला, पण त्याची हमी देणारा निघून गेला. म्हणून तीच जुनी सवय आज जास्त नुकसान करते.

एक विनोदी मध्यंतर

१९६३. इंग्लंडमध्ये अँथनी बर्जेस, 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'वाला, 'यॉर्कशायर पोस्ट'साठी कादंबऱ्यांची परीक्षणं लिहायचा. एक दिवस त्याच्याकडे जोसेफ केल नावाच्या लेखकाची कादंबरी परीक्षणाला आली, 'इनसाइड मिस्टर एंडर्बी'. अडचण एकच. जोसेफ केल म्हणजे बर्जेसच. बर्जेसला वाटलं, संपादकाला हे माहीत आहे आणि तो गंमत करतोय. त्याने परीक्षण लिहिलं, आणि ते काही गोडगोड नव्हतं; हे पुस्तक घाणेरडं आहे असा इशाराच त्यात होता. संपादकाला मात्र काहीही माहीत नव्हतं. भांडं फुटल्यावर बर्जेसची ती नोकरी गेली.

स्वतःच्या पुस्तकाला शिव्या देऊनही नोकरी गेली, हे महत्त्वाचं आहे. संपादकाची तक्रार कौतुकाबद्दल नव्हतीच. बोलणारा कोण आहे हे वाचकाला कळलं नाही, हा त्याचा आक्षेप होता.

पडदा उघडतो

फेब्रुवारी २००४. अॅमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर काही तांत्रिक गडबड झाली आणि काही दिवस निनावी परीक्षकांची खरी नावं सगळ्यांना दिसायला लागली. कुणी स्वतःला पाच स्टार दिले होते, कुणी मित्राला, कुणी स्पर्धकाला एक. १९६३ च्या 'सिटी ऑफ नाइट'मुळे गाजलेले ज्येष्ठ अमेरिकन कादंबरीकार जॉन रेची यांचंही नाव त्यात निघालं; स्वतःच्या नव्या कादंबरीला त्यांनी पाच स्टार दिले होते. त्यांनी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की कुणीही निनावी येऊन माझं पुस्तक धुऊन काढू शकतो, मग मी उत्तर का देऊ नये?

हा बचाव मला झटकून टाकावासा वाटत नाही. पण तो कुठे घेऊन जातो, ते पुढच्या काही वर्षांत दिसलं.

२०१० मध्ये ब्रिटनमधले नामवंत इतिहासकार ऑर्लँडो फाइजेस यांचं प्रकरण बाहेर आलं. अॅमेझॉनवर 'हिस्टोरियन' नावाने कुणीतरी त्यांच्या पुस्तकाची वाहवा करत होतं आणि त्याच विषयावर लिहिणाऱ्या दुसऱ्या इतिहासकारांची पुस्तकं हिणवत होतं. आधी वकिलामार्फत इन्कार आणि इशारे. मग परीक्षणं पत्नीने लिहिली असा खुलासा. शेवटी कबुली, माफी आणि नुकसानभरपाई. २०१२ मध्ये इंग्रजी रहस्यकथाकार आर. जे. एलरी यांचं तसंच: टोपणनावांनी स्वतःला पाच स्टार, इतरांना कमी. त्यांनीही माफी मागितली. पन्नासच्या आसपास ब्रिटिश लेखकांनी मग जाहीर पत्र काढून सांगितलं की आम्ही असं करत नाही आणि करणार नाही.

त्याच २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने परीक्षणांचा उघड धंदा दाखवून दिला. अमेरिकेत एक माणूस ९९ डॉलरला एक परीक्षण विकत होता, ४९९ ला वीस, ९९९ ला पन्नास. त्याच्या गिऱ्हाइकांत जॉन लॉक होता, किंडलवर स्वतः प्रकाशित केलेल्या पुस्तकांच्या दहा लाख प्रती विकणारा पहिला लेखक. त्याने ३०० परीक्षणं विकत घेतली होती.

व्हिटमनपासून इथपर्यंतची उतरण बघा. तो स्वतःचं कौतुक करत होता, पण निदान स्वतः लिहीत होता आणि दुसऱ्याच्या पुस्तकावर नाव बदलून दगड मारल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. उलट त्याने आपल्या परीक्षणांची कात्रणं पुस्तकात बांधली तेव्हा त्यात वाईट परीक्षणंही घेतली. दीडशे वर्षांनी तेच काम घाऊक भावात आणि दुसऱ्याला खाली ओढून होऊ लागलं.

आपल्याकडचं काय?

आपल्याकडे आत्मस्तुतीला पहिल्यापासून जागा नाही असं आपल्याला शिकवलं जातं. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं मोजली, त्यात स्वतःची स्तुती स्वतः करणारा अगदी सुरुवातीलाच येतो. पण त्याच समाजात असंही म्हणतात की बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. दोन्ही म्हणी आपल्याच. दोन्ही खऱ्या.

मराठीत स्वतःचा गवगवा उघडपणे करणाऱ्यांची परंपरा आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली मोठी नावं. ही मंडळी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकायची, एकत्र संग्रह काढायची, आणि लोकांसमोर उभं राहून स्वतःच्या कविता गाऊन दाखवायची. कवीने आपली कविता लोकांपर्यंत गात न्यायची ही पद्धत त्यांनी लोकप्रिय केली. हे सेल्फ-प्रमोशनच होतं की! पण समोर माणसं बसलेली, गाणारा आपलं तोंड घेऊन उभा, आवडलं नाही तर लोक उठून जाणार. आणि टीकाही लगेच आली. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढून या कवींच्या शैलीची अशी विडंबनं केली की मराठी वाचक अजून हसतो.

आणि अत्रे स्वतः? दहा हजार वर्षांत असं झालं नाही, हे त्यांचं पालुपद महाराष्ट्राला पाठ आहे. स्वतःच्या नाटकाचा, सिनेमाचा, पेपरचा डंका पिटण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. पण तो डंका अत्रेच पिटतायत हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे त्यातलं किती घ्यायचं आणि किती हसून सोडून द्यायचं, हे वाचक ठरवू शकत होता.

टोपणनावाचंही तसंच. वि. वा. शिरवाडकर कविता 'कुसुमाग्रज' म्हणून लिहीत आणि नाटकं स्वतःच्या नावाने. माणिक गोडघाटे 'ग्रेस' झाले. यात फसवणूक कुठेच नाही. त्या नावामागे वर्षानुवर्षांचं लेखन आहे आणि त्या नावाला बोल लागला तर तो त्यांनाच लागणार आहे. डुआयडीला बोल लागत नाही. काम झालं की तो डिलीट होतो.

मग नुकसान नक्की कुणाचं?

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. व्हिटमनने स्वतःबद्दल जे लिहिलं ते पुढे खरं ठरलं! तो खरंच अमेरिकेचा कवी झाला. १२ कवितांचं ते पुस्तक १८९२ मध्ये तो वारला तोवर जवळपास चारशे कवितांचं झालं होतं. मग त्याने कुणाचं काय बिघडवलं?

बघा, त्या पहिल्या वर्षी त्याला खरं कौतुकही मिळालं होतं. एमर्सनचं पत्र होतंच. 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'मध्ये एडवर्ड एव्हरेट हेलने चांगलं लिहिलं. १८५६ मध्ये फॅनी फर्न या तेव्हाच्या प्रचंड वाचल्या जाणाऱ्या स्तंभलेखिकेने, लोक या पुस्तकाला अश्लील म्हणत असताना, जाहीरपणे त्याची बाजू घेतली. स्त्रीने असं करणं तेव्हा धाडसाचं होतं. आता १८५६ चा वाचक कात्रणांचा गठ्ठा हातात घेतो आणि त्याला कळतं की यातली काही कवीने स्वतःच लिहिली आहेत. तो काय करेल? सगळाच गठ्ठा बाजूला ठेवेल. खोट्या साक्षीदाराने खरी साक्ष दिली तरी कोर्टात केस कमजोर होते, आणि सोबतच्या खऱ्या साक्षीदारांकडेही लोक संशयाने बघतात.

पाच स्टारच्या देवाणघेवाणीत हेच होतं. उंटाच्या लग्नात गाढव गायला आलं, उंटाने आवाजाची तारीफ केली आणि गाढवाने रूपाची, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दोघं खूश. पण त्या लग्नात एखादी खरंच चांगली गाणारी आली असती, तर तिचं कौतुक कुणी मनावर घेतलं असतं का? अॅपवर पहिल्यांदा लिहिणारी, ग्रुप नसलेली, सांगलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या गावातली मुलगी जेव्हा प्रामाणिकपणे ३.८ वर राहते आणि टोळीवाला ४.९ वर जातो, तेव्हा किंमत ती मोजते.

दुसरी बाजूही सांगतो. ज्याच्या ओळखी आहेत त्याचे मित्र पेपरात लिहितात, पारितोषिक समितीत असतात, आणि त्याला कुणी डुआयडी म्हणत नाही. व्हिटमनकडे ते काही नव्हतं. 'स्वतःबद्दल बोलू नका, काम बोलेल' हा सल्ला बहुतेक वेळा ज्यांचं काम आधीच कुणीतरी बोलून दाखवतंय तेच देतात. म्हणून नव्या लेखकाने स्वतःची लिंक टाकली की लगेच त्याच्या अंगावर धावून जाणं मला पटत नाही.

मग रेषा कुठे ओढायची? या दोनशे वर्षांतून मला तरी एवढं दिसतं. आपल्याबद्दल बोला, पण आपल्या नावाने. तुमचं खातं, तुमची स्टोरी, 'ही माझी कथा आहे, वाचा' असं सरळ. दुसऱ्याच्या कथेखाली बोलताना त्याच्या कथेबद्दल बोला. ते त्याचं अंगण आहे. कुणी खाजगीत कौतुक केलं तर स्क्रीनशॉट टाकण्याआधी विचारा, एमर्सनला जसं कुणी विचारलं नाही तसं करू नका. मित्राच्या पुस्तकावर लिहिताना 'हा माझा मित्र आहे' हे चार शब्द आधी लिहा. त्यानंतर हवं तेवढं कौतुक करा. आणि वर जायला दुसऱ्याला एक स्टार देऊ नका.

कायदाही हळूहळू याच वाटेने येतोय. २०२१ पासून भारतात जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत की इन्फ्लुएन्सरने पैसे घेतलेली पोस्ट तशी सांगायला हवी. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ऐच्छिक स्वरूपात. अमेरिकेत २०२४ मध्ये खोट्या आणि विकत घेतलेल्या परीक्षणांवर दंडाची तरतूद असलेला नियम झाला. या सगळ्यांचा गाभा एकच आहे: बोलणारा कोण आणि त्याचा यात फायदा काय, हे ऐकणाऱ्याला कळू द्या.

पण कायदा येईपर्यंत आपल्या हातात एक काम आहे. फॅनी फर्नने जे केलं ते. या आठवड्यात एखादा असा लेखक शोधा ज्याला तुम्ही ओळखत नाही, ज्याला जेमतेम दहा वाचक आहेत. त्याची एक कथा पूर्ण वाचा. आणि स्वतःच्या नावाने चार ओळी लिहा: काय आवडलं, कुठे अडखळलात. 'अप्रतिम' हा शब्द न वापरता. नव्या लेखकाला स्वतःची आरती स्वतः ओवाळायची वेळ का येते, याचं निम्मं उत्तर आपण वाचक गप्प बसतो यातच आहे.

बाकी, हा पॉडकास्ट माझा आहे, तेव्हा तो चांगला आहे हे माझ्याकडून ऐकून काही उपयोग नाही. भाग पूर्ण ऐका, मग रेटिंग द्या. तीन वाटले तर तीनच द्या, आणि का ते खाली लिहा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!